कांदा-टोमॅटो प्रक्रिया उद्योग: नाशिकमध्ये यंत्र विकत घेण्याआधी काय काय ठरवायचं

लासलगावला कांद्याचा भाव पडला की आठवडाभरात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "डिहायड्रेशनचं (कांदा सुकवायचं) मशीन कितीला पडेल?" पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेटला वाहतुकीचा खर्चही सुटेनासा झाला की तोच प्रश्न केचपच्या मशीनबद्दल. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. वर्षभर राबून पिकवलेला माल रस्त्यावर ओतावा लागतो, ते दुःख नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण यंत्राची किंमत हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. या जिल्ह्यात धूळ खात पडलेले ड्रायर कमी नाहीत आणि त्यातले बरेचसे उत्तम चालू स्थितीत आहेत. यंत्र बिघडलं म्हणून ते बंद पडले नाहीत. कच्चा माल, गिऱ्हाईक आणि वीज यांचा हिशोब न मांडता यंत्र आधी आलं, म्हणून बंद पडले. म्हणून या लेखात क्रम उलटा घेतला आहे. आधी गिऱ्हाईक, मग माल, मग ऊर्जा-पाणी आणि शेवटी यंत्र.

पहिली पायरी: गिऱ्हाईकाकडून मालाचा तपशील लेखी घ्या

"कांदा पावडर बनवणार" एवढं पुरत नाही. मसाला कारखान्याला पावडर लागते, नमकीनवाल्याला वेगळ्या जाळीची, म्हणजे वेगळ्या बारीकपणाची लागते, हॉटेल-केटरिंगवाल्याला तळलेला कांदा किंवा तयार ग्रेव्ही लागते आणि निर्यातदाराला पांढऱ्या कांद्याच्या चकत्या लागतात. खरेदीदाराकडून निदान एवढं कागदावर घ्या: ओलावा किती टक्के चालेल, कणांचा आकार काय, रंग कसा हवा, जिवाणू-बुरशीची मर्यादा काय, पॅकिंग किती किलोचं आणि महिन्याला किती माल उचलणार. पावडरला साधारण पाच टक्क्यांच्या आत ओलावा मागतात. मोठा खरेदीदार साल्मोनेला आणि ई. कोलायचा प्रयोगशाळा अहवाल मागतोच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुकवलेल्या पांढऱ्या कांद्याच्या घाऊक बाजारात गुजरातमधल्या महुव्याशी स्पर्धा करायची असं ठरवून नाशिकच्या लाल कांद्यावर युनिट उभारू नका. तिथे या धंद्याची मुळं खोल आहेत. शिवाय सुकवण्यासाठी लागणारा जास्त घनपदार्थाचा (पाणी वजा जाता उरणारा भाग जास्त असलेला) पांढरा कांदा वेगळा असतो. जळगावला जैन उद्योगसमूहाने सुकवणीसाठी पांढऱ्या कांद्याची वेगळी जात विकसित करून शेतकऱ्यांशी करार केले, ते याच कारणाने. नाशिकचा लाल आणि उन्हाळ कांदा तिखटपणाला आणि रंगाला चांगला आहे. माझ्या मते त्याची खरी जागा मसाल्यातली पावडर, तळलेला कांदा, कांदा-टोमॅटो ग्रेव्ही आणि मुंबईच्या हॉटेलांना जाणारा, सोलून थंड ठेवलेला कांदा इथे आहे.

दुसरी पायरी: शंभर किलोचा हिशोब मांडा

हा हिशोब वहीत स्वतःच्या हाताने करा. सगळा प्रकल्प अहवाल याच्यावर उभा राहतो, आणि तयार छापील अहवालांमध्ये नेमका हाच भाग ढिसाळ असतो.

बाजारातून १०० किलो लाल कांदा आणला. साल, शेंडा, मूळ आणि सडका भाग मिळून १५ किलो गेला असं धरू. उरला ८५ किलो. त्यात घनपदार्थ १२ टक्के धरले तर १०.२ किलो. पाच टक्के ओलाव्यापर्यंत सुकवल्यावर हाती येतात सुमारे १०.७ किलो. निवडताना आणि दळताना थोडं जातं. म्हणजे सरळ हिशोब दहाला एक. कांदा १२ रुपये किलोने पडला तर पावडरच्या एका किलोत नुसता कांदाच १२० रुपयांचा झाला. हाच कांदा १८ टक्के घनपदार्थाचा असता तर ८५ किलोतून १६ किलोच्या आसपास माल निघाला असता, आणि नासधूस वजा जाता कच्च्या मालाचा खर्च ८० रुपयांवर आला असता. भाव तोच, फरक फक्त घनपदार्थाचा.

म्हणून पहिली खरेदी रिफ्रॅक्टोमीटरची करा. काही हजारांत मिळतो. कांद्याच्या रसाचा एक थेंब त्यावर टाकला की विरघळलेल्या घनपदार्थाची टक्केवारी दिसते. एकाच गावातल्या दोन कांदाचाळींमधल्या (कांदा साठवायच्या शेडमधल्या) मालात दोन-तीन अंकांचा फरक सहज सापडतो. खरेदीला जाताना तो खिशात ठेवा.

गोल्टी (अगदी लहान आकाराचा कांदा) स्वस्त मिळते म्हणून तिच्यावर सगळी गणितं बांधणारे बरेच आहेत. पण कांदा जितका लहान, तितकं किलोमागे साल, शेंडा आणि मूळ जास्त. सोलायची मजुरीही जास्त. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आणि दुभाळके (जोडकांदे) आले की यंत्रावर शेंडा-मूळ नीट कापलं जात नाही. गोल्टी घ्यायला हरकत नाही, पण तिची १५ नाही तर २० ते २५ टक्के घट धरून हिशोब करा. पावसाळ्यानंतर चाळीतून निघालेल्या कांद्यावर काजळी असते. तिची बुरशी थेट पावडरच्या अहवालात उतरते.

टोमॅटोचं गणित आणखी कठोर आहे. पाच क्रेट म्हणजे १०० किलो टोमॅटो. धुवून, निवडून, साल-बी काढून सुमारे ८५ किलो रस मिळाला असं धरा. आपल्याकडचे संकरित टोमॅटो वाहतुकीत टिकावेत म्हणून जाड सालीचे निवडलेले असतात आणि त्यात घनपदार्थ साधारण साडेचार टक्के. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे प्युरीत किमान ९ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के घनपदार्थ लागतो. म्हणजे १०० किलो टोमॅटोतून प्युरी सुमारे ४२ किलो आणि पेस्ट फक्त १५ किलो. बाकीचं सगळं पाणी तुम्हाला वाफ करून उडवायचं आहे.

तिसरी पायरी: पाणी उडवायला किती ऊर्जा लागेल ते काढा

प्रक्रिया उद्योगाचा निम्मा धंदा पाणी काढण्याचा असतो. एक किलो पाण्याची वाफ करायला शास्त्रानुसार सुमारे ०.६५ युनिट उष्णता लागते (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, एक किलोवॅट-तास). प्रत्यक्षात ड्रायरमधून गरम हवा बाहेर जाते, भिंती तापतात, ट्रे तापतात. म्हणून साध्या ट्रे ड्रायरला १.२ ते १.५ युनिट धरावेत.

आता ९६ ट्रेचा ड्रायर घेऊ. नेहमीचा ट्रे ३२ बाय १६ इंचांचा असतो. त्यावर तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या पातळ पसरल्या तर साधारण दोन किलो बसतात. विकणारा चार किलो सांगेल. चार किलो बसतात हे खरं, पण थर जाड झाला की खालच्या चकत्या उबतात, गुलाबी-तपकिरी होतात आणि वेळ दुप्पट लागतो. दोन किलोने धरा. ९६ ट्रेत १९२ किलो चकत्या, त्यातून उडवायचं पाणी सुमारे १६८ किलो आणि हाती येणारा सुका माल २४ किलो. किलोमागे १.३ युनिट धरले तर एका घाण्याला (ड्रायर एकदा भरून माल निघेपर्यंत) सुमारे २२० युनिट लागले. वीज नऊ रुपये युनिट धरली तर किलोभर सुक्या मालावर ८० रुपये वीज. आधीचे कांद्याचे १२० मिळवा. मजुरी, दळण, पॅकिंग आणि बँकेचा हप्ता अजून बाकीच आहे.

हा आकडा पाहिल्यावर विजेच्या हीटरवरचा ड्रायर घेण्याचा आग्रह बहुतेक जण सोडून देतात, आणि सोडलाच पाहिजे. पर्याय आहेत. ब्रिकेटवर (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या इंधन-विटांवर) चालणारा गरम हवेचा जनरेटर घेतला तर एक किलो ब्रिकेटमधून सुमारे अडीच-पावणेतीन युनिट उपयोगी उष्णता मिळते. त्याच घाण्याला ८० किलोच्या आसपास ब्रिकेट लागतील आणि इंधनखर्च विजेच्या तिसऱ्या हिश्शावर येईल. अट एकच: धूर मालाला लागता कामा नये. भट्टीची उष्णता हीट एक्स्चेंजरमधून हवेला द्यायची आणि तीच स्वच्छ हवा ट्रेवर सोडायची. सौर ड्रायर फेब्रुवारी ते मे चांगला साथ देतो, पण पावसाळ्यात त्याच्यावर ऑर्डर घेऊ नका. आधी सौर ड्रायरमध्ये निम्मं पाणी काढून शेवटचा ओलावा ट्रे ड्रायरमध्ये काढणं ही जोडणी छोट्या युनिटला मला सगळ्यात योग्य वाटते.

वीज हीटरसाठी नसली तरी ब्लोअर, स्लायसर, पल्व्हरायझर (दळणयंत्र) यांना लागतेच. घाणा चढवल्यानंतर पहिल्या दोन तासांत ब्लोअर बंद पडला तर ओल्या चकत्यांना आंबूस वास धरतो आणि तो माल पावडरलाही चालत नाही. निफाड-दिंडोरीच्या गावठाण फीडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) युनिट असेल तर निदान ब्लोअर चालेल एवढा जनरेटर बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. महावितरणकडे मंजूर भार मागण्याआधी सगळ्या मोटारींची बेरीज करा.

चौथी पायरी: पाणी, सांडपाणी आणि जागा

बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. बॉयलरमध्ये त्याची खपली जमते आणि इंधन वाढतं. वाफ वापरणार असाल तर सॉफ्टनर हवाच. मालाला लागणारं पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल परवान्यालाही लागतो.

टोमॅटो धुतलेलं आणि कांदा कापल्यावरचं पाणी सेंद्रिय घाणीने भरलेलं असतं. ते नाल्यात सोडलं तर दुसऱ्या दिवशी गाव दारात येईल, आणि त्यांचं बरोबरच असेल. तो नाला शेवटी नदीलाच मिळतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची अशा दोन संमती लागतात. टाक्यांची जागा शेडच्या नकाशातच काढून ठेवा. कांद्याची साल आणि टोमॅटोचा चोथा रोजच्या रोज उचलायची सोय आधी ठरवा.

जागा सातपूर-अंबडमध्ये भाड्याच्या गाळ्यात, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत की स्वतःच्या शेतात, याचा निर्णय बहुधा जमिनीच्या किमतीवर होतो. माझं मत असं की धुणं, सोलणं आणि कापणं शेताजवळ करा. दळण आणि पॅकिंग अशा ठिकाणी करा जिथे कोरडी, बंद खोली आणि खात्रीची वीज आहे. ओला विभाग आणि कोरडा विभाग यांच्यात भिंत हवी. एकच दार, एकाच दिशेने जाणारा माल.

पाचवी पायरी: आता यंत्रं

कांदा पावडरच्या ओळीत क्रमाने लागतात: शेंडा-मूळ कापायचं यंत्र, सोलणी, धुणी, स्लायसर, ड्रायर, पल्व्हरायझर, चाळणी, मेटल डिटेक्टर आणि सीलिंग. सोलणीचं यंत्र दाबाच्या हवेने साल उडवतं, म्हणून त्याच्याबरोबर चांगला मोठा कॉम्प्रेसर येतो. तो कोटेशनमध्ये धरला आहे का, ते पाहा. दिवसाला पाचशे किलोच्या आत काम असेल तर सोलायला गावातल्या बायकांचा गट लावणं यंत्रापेक्षा परवडतं आणि घटही कमी होते. स्लायसरची पाती बोथट झाली की चकती कापली न जाता चेचली जाते, रस सुटतो आणि माल ट्रेला चिकटतो. पात्यांचे दोन जादा संच सुरुवातीलाच घ्या.

लोक हमखास विसरतात ते यंत्र म्हणजे पॅकिंग खोलीतला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र. कांदा पावडर हवेतला ओलावा झपाट्याने ओढते. जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडी ठेवलेली पावडर बघता बघता खडे धरते, आणि ग्राहक परत पाठवतो तो बहुतेक हाच माल. ड्रायरवर दहा लाख घालणारा माणूस या खोलीवर लाखभर घालायला का कचरतो, हे मला खरंच कळत नाही. ओलावा मोजायची मॉइश्चर बॅलन्सही याच खोलीत हवी.

टोमॅटोसाठी धुणी, निवडीचा पट्टा, क्रशर, पल्पर, वाफेची जॅकेट कढई किंवा व्हॅक्यूम पॅन आणि गरम भरणी (माल गरम असतानाच बाटलीत भरणं). टोमॅटो चिरडल्यावर लगेच ८५ अंशांच्या वर तापवला तर त्यातले पेक्टिन फोडणारे एन्झाइम थांबतात आणि प्युरी घट्ट राहते. क्रशरनंतर रस तासभर टाकीत पडून राहिला तर तीच प्युरी बाटलीत पाणी सोडते. म्हणजे क्रशर आणि तापवणी यांची क्षमता एकमेकांना जुळलेली हवी. उघड्या कढईत पेस्टपर्यंत आटवलं तर रंग काळपट होतो. व्हॅक्यूम पॅनमध्ये रस ६०-७० अंशांना उकळतो आणि रंग टिकतो, पण पॅन महाग आहे. सुरुवात प्युरी आणि ग्रेव्हीने करा, पेस्टने नाही. पीएच मीटर मात्र पहिल्या दिवसापासून हवा. सामू (पीएच) ४.६ च्या वर गेला तर बंद डब्यात घातक जिवाणू वाढू शकतात, आणि ग्रेव्हीत कांदा-काजू घातले की सामू वर सरकतो. अशा ग्रेव्हीला नुसती गरम भरणी पुरत नाही. आम्लता आणून ४.६ च्या खूप खाली ठेवावी लागते, नाहीतर रिटॉर्ट (बंद पाकिटं वाफेच्या दाबाखाली तापवणारं यंत्र) लावावा लागतो. इथे अंदाजाने काम करू नका. कृती म्हैसूरच्या सीएफटीआरआयसारख्या संस्थेकडून किंवा अन्नतंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

वाफेसाठी बॉयलर घेताना पाण्याची क्षमता २५ लिटर आणि दाब एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर या मर्यादा लक्षात ठेवा. दोन्ही ओलांडल्या की बॉयलर कायद्याखालची नोंदणी, तपासणी आणि प्रमाणित चालक हे सगळं येतं.

सहावी पायरी: पोलाद तपासा, वेल्डिंगवर बोट फिरवा

नाशिकला एक मोठी सोय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आणि दिंडोरी-विंचूर भागातल्या वायनरींमुळे स्टेनलेस स्टीलचं चांगलं काम करणारे फॅब्रिकेटर इथेच मिळतात. दूरच्या शहरातून यंत्र मागवण्याआधी इथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. यंत्र बिघडलं तर माणूस तासाभरात दारात येतो, ही गोष्ट हंगामात लाखमोलाची आहे.

मालाला लागणारा प्रत्येक भाग ३०४ ग्रेडचा हवा. केचपमध्ये मीठ आणि व्हिनेगर दोन्ही असतं, शिवाय उष्णता, म्हणून त्याच्या कढईला आणि नळ्यांना ३१६ ग्रेड हवा. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे मिठाने बारीक खड्डे सहसा पडत नाहीत. आता फसवणूक कुठे होते ते पाहा. बरेच जण चुंबक लावून बघतात, चिकटलं नाही की ३०४ समजतात. पण स्वस्तातला २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही. तो वर्षभरात कांद्याच्या रसाने डागाळायला लागतो. म्हणून पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक) पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळवा आणि शंका आली तर मेटल टेस्टिंग लॅबमध्ये तुकडा नेऊन द्या. रक्कम किरकोळ असते.

मग यंत्राच्या आत हात घाला. जोडावरून बोट फिरवा. खडबडीत लागलं, खाच लागली तर तिथे माल अडकणार आणि धुताना निघणार नाही. कढईच्या तळाचा व्हॉल्व्ह तळाला चिकटून आहे का, की मध्ये नळीचा तुकडा आहे, ते पाहा. त्या तुकड्यात अर्धा लिटर माल कायम कच्चा राहतो. उघडे आटे, बंद कोपरे, आतल्या बाजूचे नट-बोल्ट, रंग दिलेला लोखंडी भाग मालाच्या वर लटकणारा, या प्रत्येक गोष्टीला नकार द्या. पल्व्हरायझरची चाळणी किती मिनिटांत निघते ते फॅब्रिकेटरला तुमच्यासमोर काढायला लावा. जी निघायला अर्धा तास लागतो ती रोज धुतली जाणार नाही.

सातवी पायरी: परवाने आणि पैसा

अन्नसुरक्षा परवाना फॉसकॉस या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर निघतो. उलाढाल आणि क्षमतेप्रमाणे नोंदणी, राज्य परवाना की केंद्रीय परवाना ते ठरतं. शेडचा नकाशा काढतानाच नियमांतली चौथी अनुसूची समोर ठेवा. त्यात स्वच्छतेच्या सगळ्या अटी आहेत आणि नंतर भिंत पाडण्यापेक्षा आधी वाचणं सोपं.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा, तिथूनच जिल्हा संसाधन व्यक्तीची (अर्जाला मदत करणाऱ्या माणसाची) गाठ पडेल. अनुदान हातात रोख मिळत नाही. ते कर्जखात्याशी जोडून ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं की वळतं होतं. त्यामुळे अनुदान नाही असं समजून पहिल्या दोन वर्षांचा रोखीचा हिशोब जमला पाहिजे. त्यात खेळतं भांडवल वेगळं धरा. कांदा रोखीने घ्यावा लागतो, पावडरचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात.

आठवी पायरी: वर्षभराचं वेळापत्रक आणि चाचणी

खरिपाचा लाल कांदा हिवाळ्यात, मग रांगडा (उशिराच्या खरिपाचा), मार्चपासून उन्हाळ आणि तो चाळीतून दिवाळीपर्यंत. टोमॅटो ऑगस्ट ते नोव्हेंबर. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. ड्रायर वर्षातले निदान अडीचशे दिवस चालेल असं बारमाही कॅलेंडर भिंतीवर लावा. मोकळ्या महिन्यांत आलं, मेथी, कढीपत्ता, शेवगा पाला घ्या. जिवाणूंचं प्रमाण कमी करून हवं असेल तर सुक्या मालासाठी वाशीचा विकिरण प्रकल्प आहे. लासलगावचा कृषक प्रकल्प कमी मात्रेचा, मुख्यतः कांद्याला मोड येऊ नये यासाठी उभारलेला आहे. दोघांची गल्लत करू नका.

ऑर्डर देताना करारात तीन गोष्टी लिहून घ्या. फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्ये तुमच्याच कांद्यावर पूर्ण घाणा काढून दाखवायचा. तासाला किती किलो पाणी उडालं आणि किती इंधन लागलं हे वजन करून लिहायचं. आणि निदान दहा टक्के रक्कम तुमच्या जागेवर सलग घाणे यशस्वी निघेपर्यंत राखून ठेवायची. चाचणीला जाताना स्वतःचा वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर आणि मोजून भरलेल्या चार गोण्या कांदा घेऊन जा. निघालेला सुका माल तिथेच सील करून एक पाकीट प्रयोगशाळेला आणि एक पहिल्या पायरीतल्या खरेदीदाराला पाठवा. त्याचं लेखी उत्तर आल्यावर यंत्र गाडीत चढवायला सांगा.